तुझा न फोडलेला सेट

भास्कर,

तू गेलास त्या दिवशी पाटोद्याची सगळी बाजारपेठ बंद होती. भुसार दुकानं, सराफ, मोबाईलवाले, सगळ्यांची शटरं खाली. कोपऱ्यावरचा चहावाला कुणाच्या मयताला आजवर बंद राहिला नव्हता, त्यानंही टपरीवर ताडपत्री ओढली होती. तुझ्या अंगणात उभा राहून मी उपरण्यानं डोळे पुसत होतो आणि पुसतापुसता मनात आलं की मी गेल्यावर निम्मी तरी दुकानं उघडी राहतील. चहावाला तर नक्कीच. मयताच्या अंगणातसुद्धा मला तुझा हेवा वाटला, म्हणजे बघ. आता हे लिहून ठेवायला हरकत नाही. तसंही तुला ते सगळं ठाऊक होतं आणि तुला त्याची मजा वाटायची.

मुळात नाण्यांचा नाद माझा. हे पुन्हा एकदा सांगतो, कारण तुझ्याकडं पाहुणे आले की तू हे सोयीस्कर विसरायचास. गल्ल्यात आलेली जुनी नाणी बाजूला काढून ठेवायचो ती मी. मासिकं मागवायचो ती मी. सरकारी टांकसाळीचे, हौशी लोकांसाठी बंद पाकिटात भरलेले नाण्यांचे सेट टपालानं घरपोच येतात हे तुला सांगितलं तेही मीच, आणि तू तेव्हा बियाण्याच्या पोत्यावर बसून शेंगा खात होतास. “असल्या सेटचं काय करायचं बे? बाजारात चालत न्हाईत,” असं म्हणाला होतास. पुढच्या वेळी तुझ्या-माझ्यासाठी दोन सेट मागवले आणि त्यानंतर गावात नाणीवाला म्हणून नाव झालं ते तुझं. बाहेरगावचा कुणी आला, की चौकात त्याला सांगायचे, कृषी सेवा केंद्रात जा, भास्करशेटकडं लई नाणी हायेत. शेजारच्या कापडवाल्याकडंही आहेत, हे सांगायला लोकांची जीभ झिजत होती.

पोस्टमन दोन पार्सलं एकदमच आणायचा. माझं पार्सल त्याच्या कागदावर माझी सही होण्याआधी फुटलेलं असायचं, कापड कापायची कात्री हाताशीच. तुझं मात्र तसंच्या तसं घरी जायचं. सुमनवहिनी त्याच्या मापाची फ्लॅनेलची पिशवी शिवायच्या, वर बंद लावायच्या आणि कडुनिंबाचा पाला सुकवून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवायच्या. फ्लॅनेल माझ्याच दुकानातलं. ताग्याच्या शेवटी उरलेले तुकडे मी वहिनींना असेच द्यायचो आणि मग त्यातून शिवलेल्या पिशव्या बघून जळायचो. माझ्या घरात माझ्या नाण्यांना अशी पिशवी कुणी शिवली नाही. आमच्या लताबाईंनी त्यांचं काय केलं ते पुढं येतंच.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून, आणि ते कधी मिटलं नाही. सेट फोडायचा की नाही.

मी कापडवाला. गिऱ्हाईक येतं, मी तागा उलगडतो, पदर झटकतो, बाईच्या हातात देतो. हात लागला की कापड कळतं. न उलगडलेली साडी कुणी घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. तू बियाणेवाला. तुझ्या दुकानात एखादा शेतकरी पिशवीला नख लावायला लागला, की तू गादीवरून उठायचास. पिशवीचं सील शाबूत आहे तोवर उगवलं नाही तर कंपनीला विचारता येतं. फुटलं की ती पिशवी दुकानदाराच्या गळ्यात. आपण दोघं नाण्यांवर भांडतोय असं लोकांना वाटायचं. मला वाटतं, आपण आपापली दुकानंच भांडवत होतो.

“अरे, एकदा फोडून बघ तरी,” मी म्हणायचो.

“कावून?”

“आत काय आहे ते दिसेल.”

“आत काय हाय ते वर छापलंय की.”

“आत दगड निघाला तर?”

“निघू दे. बंद हाय तवर नाणं हाय. फोडलं की मग दगड.”

हे बोलून तू असा हसायचास, की ऐकणारा तुझ्याच बाजूला जायचा. मी मुद्दा मांडायचो, तू हसायचास, आणि वाद तुझ्या नावावर. मी एकदा घरी आरशासमोर तसं हसून बघितलं, भास्कर. लताबाईंनी विचारलं, दात दुखतोय का.

बीडच्या त्या प्रदर्शनाचं तर नावच काढू नये, पण काढतो. माझी नाणी मी निळ्या मखमलीवर मांडली होती, एकेक वेगळं, खाली माझ्या अक्षरात चिठ्ठ्या. तू टेबलावर नुसती बंद पाकिटं आणि खोकी रचून ठेवलीस, बांधकामावर विटा रचतात तशी. म्हटलं, आज याची जिरणार. आणि झालं काय? सगळी गर्दी तुझ्या टेबलाला. छत्रपती संभाजीनगरचा एक व्यापारी तर तुझं खोकं दोन्ही हातांत धरून असा उभा, जसं बाळ घेतलंय. “मूळ पॅकिंग!” तो म्हणत होता. “मूळ पॅकिंग मिळत नाही हो कुठं.” माझ्या टेबलाशी आला, एक नजर टाकली आणि म्हणाला, “उघडलेले आहेत.” एवढंच. जसं दूध नासलेलं आहे. परतीच्या एसटीत तू झोपलास आणि मी मांजरसुंब्यापर्यंत त्या एका शब्दावर धुमसत होतो.

एकदाच काय ते मला सुख मिळालं. तुझ्या एका साध्या सेटला पारदर्शक प्लास्टिक होतं. त्यात पाचाच्या नाण्यावर हिरवा डाग दिसायला लागला. ठिपक्याएवढा होता, मग वाटाण्याएवढा झाला. कुणाचा हात नाही, घाम नाही, बंद पाकिटात आतल्या आत. खरं सांगतो, मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. “हे प्लास्टिकच खातंय नाण्याला,” मी म्हणालो. “काढ बाहेर, नाहीतर जाईल.” तू पाकीट उन्हाकडं धरून कितीतरी वेळ बघत राहिलास. चेहरा पडला होता. मग म्हणालास, “दिवाळी होऊ दे. मग बघू.” तुझी ती दिवाळी काही आली नाही. दरवर्षी आली आणि गेली, म्हणजे. डाग वाढत राहिला. हा वाद तू माझ्या अंगावर अर्धा टाकून गेलास, आणि यात मी जिंकत होतो रे!

आता तो चांदीचा सेट.

शंभराचं चांदीचं नाणं आणि त्याच्या बाजूला दहाचं. नाण्याची पाठ अशी लखलखीत, की त्यात मिशी नीट करता यावी. तुझं खोकं पुठ्ठ्याचं, चहूबाजूंनी चिकटवलेलं, आतलं काही दिसायची सोय नाही. ते तसंच पिशवीत गेलं. माझं मी उघडलं, डबीत ठेवलं, कुणालाही हात लावू दिला नाही. या एका नाण्याच्या बाबतीत मी तुझ्याइतकाच सोवळा झालो होतो.

आणि मग ती धनत्रयोदशी. लताबाई परसात देवाची भांडी घासायला बसल्या होत्या. समई, निरांजनं, तांब्या, ताम्हण. सोबतीला चिंचेचा कोळ आणि राख. मी दुकानातून आलो तर ओट्यावर पांढऱ्या फडक्यावर माझं नाणं पालथं, वाळत घातलेलं. आरसा गेला होता. त्याजागी गोल गोल ओरखडे, तव्याच्या बुडाला असतात तसे. मी काय काय बोललो ते तिनं अजून विसरलेलं नाही. ती म्हणाली, “अहो, कडेला काळं पडलं होतं. लक्ष्मीपुढं काय तसंच मांडू?” तिच्या दृष्टीनं लक्ष्मीला अंघोळ न घालता पाटावर बसवणं हा वेडेपणा होता.

तू त्या संध्याकाळी फराळाचं ताट घेऊन आलास. मी वाट बघत होतो, की आता तू म्हणणार, सांगत होतो ना बे. तू म्हणाला नाहीस. डबीतून नाणं उघड्या बोटांनी उचललंस, अंगठा त्याच्या काठावरून फिरवलास, तळहातावर पालथं घातलंस, वजन केलंस. “आता ह्याला भ्यायचं कारण न्हाई,” म्हणालास. “लई छान हाय रे. मला वाटलं न्हवतं एवढं छान असंल.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. तुझं नाणं तू कधी पाहिलंच नव्हतंस.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाईक ओसरलं की तू माझ्या दुकानाच्या माडीचा जिना चढून यायचास. चहा यायचा. तू म्हणायचास, “आण की, मुकुंद्या.” त्या दिवशी डबी मी घरून आणलेलीच असायची, ती काढायचो. तू ते नाणं हातात घेऊन बसायचास आणि कापसाच्या भावापासून व्याह्यांच्या तक्रारीपर्यंत सगळं बोलायचास, बोटांत नाणं फिरतच. मला वाटायचं, मित्र येतो. चहाला येतो. गप्पांना येतो. आता हिशोब लागतो, की तू तुझं नाणं बघायला यायचास. तुझ्या कपाटात कोरं करकरीत बंद, आणि हात लावायला माझं. व्यापाऱ्यानं दोन्ही हातांत धरावं असं खोकंही तुझंच, आणि अंगठ्याला ओळखीचा झालेला काठही तुझाच. दोन्हीकडून तूच खाल्लंस, भास्कर. आणि मी चहा पाजत होतो.

तुझ्या मयताचं सांगतो. तुला दिसलं नसेल.

तुला अंघोळ घालून तिरडीवर घेतलं. अष्टगंध लावलं. तुझी आत्या केजहून आली होती, तीच सगळं सांगत होती. ती म्हणाली, “कपाळाला बंदा रुपया लावा.” कुणीतरी खिसे चाचपले. अंगणात एवढी माणसं, एकाकडं नाणं नाही. सगळे फोनवरून पैसे देणारे. शेवटी तुझ्या मेहुण्याकडं स्टीलचा एक रुपया निघाला. आत्यानं तो बाजूला ठेवला.

“लोखंड न्हाई लावायचं माझ्या लेकराला. चांदी पाहिजे. नाण्यायचं घर हाय म्हनं हे, आन् एक रुपया निघंना?”

नाण्यांच्या घरात एक सुटं नाणं नव्हतं. मग वहिनी उठल्या. आत गेल्या आणि फ्लॅनेलची ती पिशवी घेऊन आल्या. बंद सोडला, पुठ्ठ्याचं खोकं काढलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“भावजी, तुमीच फोडा. तुमी लई दिवस म्हनत होता.”

रडून त्यांचा आवाज बसला होता. टोमणा नव्हता त्यात, अजिबात नव्हता. त्यांना वाटलं, हा मान माझा.

मी खोकं हातात घेतलं. किती हलकं होतं ते! इतक्या वर्षांनी तुझा सेट माझ्या हातात, समोर तुझी बायको फोड म्हणतेय, आणि तू आडवा, हसून वाद जिंकायची सोय नाही. नख चिकटपट्टीच्या कडेखाली गेलं होतं. नुसतं ओढायचं होतं. आतलं नाणं काळं पडलंय की हिरवं झालंय की अजून आरसा आहे, ते मला कळलं असतं. आपला वाद तिथंच संपला असता आणि कोण जिंकलं तेही कळलं असतं.

मला नाही ओढता आलं. लोक म्हणतील, मित्राची आठवण जपली. तसं काही नाही. मला जळफळाट झाला. ज्या नाण्यासाठी मी इतकी वर्षं तडफडलो, ते उघडल्या उघडल्या तुझ्या आत्यानं कुंकवाच्या बोटांनी उचलायचं? मेहुण्यानं मान लांब करून बघायचं? तुझ्या त्या चुलत्यानं, ज्याला चांदी आणि जर्मनचं भांडं यातलं अंतर कळत नाही, त्यानं सगळ्यांत आधी बघायचं? तू नाही पाहिलंस ते नाणं. मग ते बाकी कुणी पाहावं हे मला सहन होईना. मी खोकं वहिनींच्या हातात परत दिलं.

“हे राहू द्या. मी आलोच,” म्हणालो.

मोटरसायकल काढली आणि घरी आलो. माणसं तिरडी धरून थांबली होती, भटजी घाई करत होते, आणि मी कपाटातून डबी काढत होतो. लताबाई दारात. तिला काही सांगावं लागलं नाही. माझ्या मुठीकडं बघून पदर तोंडाला लावला तिनं.

आत्यानं तुझ्या कपाळावर कुंकवाचा लेप देऊन ते नाणं बसवलं. चिंचेनं घासलेलं, ओरखड्यांचं, काठ तुझ्या अंगठ्यानं गुळगुळीत केलेलं. छान दिसत होतं. कुणीतरी मागून म्हणालं, “भास्करशेटच्या नाण्यांमधलं दिसतंय.” मेल्यावरसुद्धा नाणं तुझंच ठरलं. ऐकू आलं मला.

राख सावडताना ते निघालं. काळं, एका बाजूनं फुगल्यासारखं झालेलं. तुझ्या पोरानं पाण्यानं धुऊन माझ्यासमोर धरलं. “काका, तुमचं.” मी घेतलं. गरम नव्हतं, तरी बोट भाजल्यासारखं वाटलं. राख सोडायला गोदाकाठी राक्षसभुवनला गेलो, तिथपर्यंत ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं. गेवराईकडून वाळूचे हायवा ट्रक ओळीनं येत होते, गाडी सारखी कडेला घ्यावी लागत होती आणि मी खिसा धरून बसलो होतो. वाटलं, परत न्यावं. डबीत ठेवावं. एवढं झाल्यावर त्याचा मान आहे. मग गोदावरीत तुझी राख सोडली तेव्हा तुझ्या पोरानं हात झटकले आणि मी खिशात हात घातला. तुझ्यासोबत जे गेलंय ते मी परत आणलं असतं, तर तू मला उभ्या जन्मात सोडलं नसतंस. सोडलं पाण्यात. एखाद्या दिवशी वाळू उपसणाऱ्यांच्या फावड्याला लागेल आणि कुणाच्या तरी बंगल्याच्या स्लॅबमध्ये जाऊन बसेल. तिथंही लोक म्हणतील, भास्करशेटचं.

तेराव्याला वहिनींनी ती पिशवी माझ्या हातात दिली. पोराला नाण्यांची हौस नाही, ते पुण्याला परत जाणार. “ह्ये तुमच्याकडं असू द्या,” म्हणाल्या. “तुमी फोडलं तरी त्येंचं काय म्हननं न्हाई.” तुझं काय म्हणणं आहे ते मला वहिनींपेक्षा जास्त माहीत आहे, पण मी मान डोलावली.

तर आता तो सेट माझ्याकडं आहे. तुझा कोरा, मूळ पॅकिंगचा, व्यापाऱ्यानं बाळासारखा धरलेला सेट. मला जे हवं होतं ते मिळालं. कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलाय, कडुनिंबाच्या पाल्यावर. परवा लताबाईंनी कपाट आवरताना पिशवी हातात घेतली आणि विचारलं, यात काय आहे हो. मी म्हणालो, नाणं. ती म्हणाली, बघितलंत का उघडून? आणि माझ्या तोंडून निघालं, “बंद हाय तवर नाणं हाय.” माझ्याच घरात, तुझ्या बोलीत. ती बघतच राहिली. मीही.

काल बाजाराचा दिवस होता. गिऱ्हाईक ओसरलं, चहा आला. सवयीनं दोन आले, पोऱ्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला ते नाणं बघावंसं वाटलं. चांदीचं शंभराचं, हातात घेऊन बसावंसं वाटलं. माझं गोदावरीत आहे. तुझं खोक्यात आहे, आणि ते मी फोडणार नाही, हे आता मला कळून चुकलंय.

तुला बंद ठेवणं जमलं यात मला नेहमी तुझा मोठेपणा दिसायचा आणि त्यावरच मी जळायचो. मोठेपणा कसला? तुझ्या शेजारी उघडं होतं. जिना चढून आलास की मिळत होतं. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो, खाली तुझ्या दुकानाकडं बघितलं. शटरला कुलूप आहे.

तुला नाणं बघायला मी होतो, भास्कर. मी कुणाकडं जाऊ?